गिळायची गोळी, लावायचं मलम

"लावलं तं पुसता येते वं, गिळलं तं निंगत नाही."

शकुनबाईचं हे बोलणं अड्याळच्या आसपासच्या चार-सहा गावांना पाठ होतं. ती सुईण होती. तलावाच्या पाळीखाली तिचं गाव, आणि त्या गावातली तीस वर्षांतली लहानमोठी सगळी डोकी आधी तिच्या हातांत आलेली. बाळंतिणीचं अंग चोळावं तर तिनं, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालावं तर तिनं. टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, कोमट करून ती बाळाच्या टाळूवर जिरवायला लागली की रडणारं पोर मधेच थांबून तिच्या तोंडाकडे बघत राहायचं. पण घुटी, काढा, चाटण, पोटात जाणारं काहीही ती स्वतःच्या हातानं देत नसे. कुणी आग्रह धरला की हेच वाक्य.

त्या वाक्यामागे एक मेलेली बाई होती. शकुनबाई नवी सून असताना सासूच्या मागोमाग बाळंतपणं बघायला जायची. एकदा एक बाई अडली. सासूनं कसलासा काढा उकळला आणि वाटी सुनेच्या हातात दिली, "पाज तिले." तिनं पाजला. दिवस मावळायच्या आत बाई गेली. काढ्यानं गेली की जाणारच होती, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. पण ओठांना वाटी लावणारा हात शकुनबाईचा होता. शेवटचा घोट घेताना त्या बाईनं तिच्याकडे पाहिलं होतं, आणि त्या पाहण्यात जरादेखील शंका नव्हती.

अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी झाली, धान कापणीला आला. एका दुपारी केस विंचरताना शकुनबाईच्या फणीत झुपका आला. पन्नाशीत केस गळतातच, असं ती दुसऱ्या बायांना सांगत आली होती. हे केस मात्र गळलेले नव्हते, बुडापासून जरा वर तुटलेले होते. तिनं बोट फिरवलं. उजव्या कानाच्या वर चार आण्याच्या नाण्याएवढी जागा उघडी लागली. खरखरीत होती, कोंडा धरलेली.

तिनं झटकन पदर डोक्यावर ओढला. चट्टा हा शब्द त्या गावात कुणी मोठ्यानं बोलत नसे. गावातल्या डोमा नावाच्या माणसाच्या पाठीवर चट्टा निघाला होता. लोकांनी त्याला काटा टोचून पाहिलं, आणि डोमाला काही कळलं नाही, म्हणजे महारोगच. आता तो पाळीच्या पलीकडे झोपडीत एकटा राहत होता. महिन्यातून एकदा सायकलवरून सरकारी माणूस येऊन त्याला पांढऱ्या गोळ्या देऊन जायचा. घरून आलेलं त्याचं ताट दगडावर ठेवलं जायचं, आणि ठेवणारं माणूस मागं न बघता परतायचं.

शकुनबाई गोठ्यात गेली, फाटक ओढून घेतलं, बाभळीचा काटा घेतला आणि चट्ट्यात टोचला. दुखलं. पुन्हा टोचला. दुखलं. बोटाला रक्त लागलं तरी तिचा विश्वास बसेना. आज दुखते, उद्या नाही दुखलं तर? मग रोज भर दुपारी ती गोठ्यात जाऊ लागली, आणि रोज काटा टोचून, दुखलं की डोळे मिटून गाईच्या अंगाला टेकून उभी राहू लागली.

तिनं करंजाचं तेल लावलं. कडुलिंबाचा पाला वाटून लावला. लसूण ठेचून बांधला, तर कातडी भाजून निघाली. चट्टा पसरला आणि त्याच्या शेजारी दुसरा उमटला. आता घरातसुद्धा पदर डोक्यावरून खाली येत नव्हता.

"काहून वं," नवरा सोमाजी म्हणाला, "घरातल्या घरात पदर? माहा बाप सरगातून येऊन राहिला का?"

"थंडी वाजते."

"कार्तिकात? मंग माघात तं घोंगडी पांघरून पाणी भरशीन."

तो आपल्याच बोलण्यावर हसत बसला. ती चुलीकडे वळली, कारण हसायला गेलं तर रडू फुटलं असतं. ज्या हातांत लोक आपलं पहिलं पोर देतात, ते हात चट्टेवालीचे आहेत असं कळलं तर? दगडावर ठेवलेलं ताट तिला जागेपणी दिसायचं.

शेवटी पवनीच्या बाजाराचं निमित्त काढून ती दवाखान्यात गेली. डॉक्टर तरुण होता, नागपूरकडचा. त्यानं तिला खिडकीशी बसवलं, भिंगातून पाहिलं, चिमट्यानं एक तुटका केस उपटून कागदावर ठेवला.

"घरी गाय आहे?"

"हाये."

"तिच्या अंगावरचे केस कुठं गेलेत?"

"बरगडीवर. गोल गोल."

"आणि दूध काढताना तुम्ही डोकं तिथंच टेकवता."

शकुनबाईला वाटलं, हा पोरगा आपल्या गोठ्यात येऊन गेला की काय.

"बाई, हा महारोग नाही. गजकर्ण आहे, डोक्यातलं. या गोळ्या घ्या. रोज एक, दुधासोबत, दोन महिने. वरून हे मलम."

तिनं आधी मलमाची डबी उचलली. "निस्त्या मलमानं नाही होत का, साहेब?"

"नाही. मलम कातडीवरच राहतं. हे केसाच्या मुळात शिरलंय. तिथं औषध रक्तातूनच पोचतं."

"मी काही गिळत नाही."

"मग बरं होणार नाही. आणि हे लागट असतं. फणी वेगळी ठेवा, टॉवेल वेगळा ठेवा."

परतताना एसटीत तिनं कनवटीची पुडी उघडून बघितली. पांढऱ्या, गोल गोळ्या. डोमाच्याही पांढऱ्याच. कुणी बघितलं तर कुणाकुणाला सांगायचं की या वेगळ्या? शिवाय रोज एक, दोन महिने. साठ वेळा ती वाटी ओठांना लावायची. घरी येताच तिनं पुडी धानाच्या कोठीत खोल खुपसली. मलमाचं तसं नव्हतं. तेलाच्या हातानं लावलं तर कुणाला वासही येणार नव्हता. फणी तिनं वेगळी केली, वळचणीत लपवून ठेवली. टॉवेल तिच्याकडे कधी नव्हताच.

आठ दिवसांत खाज थांबली. कोंडा कमी झाला. शकुनबाईला धीर आला, आणि डॉक्टर पोरसवदा आहे, त्याला काय कळते, असंही वाटून गेलं.

या दिवसांत ती रोज सकाळी गोदावरीबाईच्या घरी जात होती. गोदावरीबाईच्या सुनेची, उषाची, दोन बाळं आधी गेली होती. हा तिसरा, दीड महिन्याचा. न्हाऊ घालून झालं की त्याचं डोकं सुईणीच्या पदरानं पुसायचं, अशी त्या गावाची रीत होती. सुईणीच्या पदराची ऊब लागली की लेकरू टिकतं, असं म्हणत. शकुनबाई डोक्यावरचा पदर पुढं ओढायची, त्याच्या टोकानं बाळाची टाळू हळूहळू कोरडी करायची, आणि उषा त्या पदराकडे देवाचा अंगारा बघावा तशी बघत राहायची.

एका सकाळी उषा म्हणाली, "शकुनमाय, याच्या डोक्यावर हे काय आहे वं? काल एवढं नोहोतं."

टाळूच्या जरा मागं लालसर कडं उमटलं होतं. मधे कोंडा. त्या कड्यातले जावळाचे केस तुटलेले.

शकुनबाईचे हात पाण्यातच थांबले. बाळ तिच्या पायांवर पाय झाडत होतं. तिला फणी आठवली, वळचणीत जपून ठेवलेली. मग नजर पदराच्या ओल्या टोकावर गेली. तोच पदर दिवसभर तिच्या चट्ट्यावर बसायचा, मलम पुसून घ्यायचा आणि सकाळी या टाळूवर फिरायचा. 

"त्या डोमानं केलं हे," गोदावरीबाई सूप आपटत म्हणाली. "परवा आपल्या दारावरून गेला. पाळीवरूनही हाकला म्हणावं त्याले. येऊ दे माह्या पोराले वावरातून, आजच हाकलन तो त्याले."

शकुनबाईनं न्हाणं अर्ध्यावर थांबवलं. बाळाला उषाच्या मांडीवर दिलं, पदरानं पुसलं नाही, आणि निघून आली.

घरी तिनं कोठीत कोपरापर्यंत हात घातला. पुडी सापडली. वाटीत दूध घेतलं. वाटी ओठांपर्यंत आली. तिनं ती खाली ठेवली, पुन्हा उचलली. गोळी जिभेवर कडू झाली तेव्हा तिला त्या अडलेल्या बाईचे डोळे दिसले. तिनं गिळलं. मग भिंतीला टेकून, छातीवर हात ठेवून, काय होतं त्याची वाट बघत बसली. छाती धडधडत राहिली. आणखी काही झालं नाही. पण डोमाचं नाव तिला बसू देईना. गोदावरीबाईचा पोरगा वावरातून यायच्या आत जायला हवं होतं.

ती तशीच उठून परत गेली. गोदावरीबाई अंगणातच होती. शकुनबाई उंबऱ्याच्या बाहेर, अंगणात खाली बसली आणि तिनं डोक्यावरचा पदर काढला. गावानं तिला लग्नापासून बोडक्या डोक्यानं पाहिलं नव्हतं.

"डोमाचं काही नाही, गोदावरी. हे पाह्य, माह्या डोक्यात. माह्याच पदरातून गेलं लेकराले."

गोदावरीबाईच्या हातातलं सूप तिरपं झालं. तांदूळ सांडले. "शकुन! तुले... तुले महारोग?"

"नाही. पवनीचा डाक्टर गजकर्ण म्हणते. गोळीनं जाते म्हणते. मी गोळी लपवली, निस्तं मलम लावत बसली."

"आन् माह्या घरात येत राहिली?"

"आली."

"दोन गेले वं हिचे! माहीत होतं तुले!" गोदावरीबाईचा आवाज फाटला. "हात नको लावू माह्या नातवाले. पाय नको ठेवू इकडं."

शकुनबाईनं मान हलवली.  "याले दवाखान्यात न्या. आजच्या आज. एवढ्याशा जिवाले काय द्याचं, गोळी का मलम, ते डाक्टरच सांगन. मी पुढं जाऊन नंबर लावून ठेवन. तुमी बैलबंडीनं या. माह्यापासून लांब बसा."

उषा दारात आली होती, बाळाला घट्ट धरून. "शकुनमाय, तुमी खाल्ली का गोळी?"

"आत्ताच खाल्ली. पहिलीच."

"कसं वाटून राहिलं?"

"भेव वाटून राहिलं."

 शकुनबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. गल्लीत दोन-तीन दारं उघडली होती, बाया उभ्या होत्या. कुणी नाव घेऊन हाक मारली नाही. ती अड्याळच्या रस्त्याला लागली, एसटी गाठायला, विटकरी लुगडं आणि उघडं डोकं, ऊन थेट चट्ट्यांवर. गोदावरीबाई सांडलेले तांदूळ गोळा करायला वाकली होती, पण तिचे हात चालत नव्हते. उषा बाळाला खांद्यावर घेऊन अंगणाच्या कडेपर्यंत आली, आणि पाळीच्या वळणावर ती आकृती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभी राहिली.