वाजवणाऱ्याची पंगत

नोकरी कशी चाललीय असं कुणी विचारलं की मी त्याला उलट विचारायचो, कोणती? माझ्या नोकऱ्या दोन होत्या. एरवी औंढ्याच्या एका सरकारी हापिसात शिपाई आणि लग्नसराईत हिंगोलीच्या एका बँडमध्ये क्लारनेट वाजवणारा. एकीत पगार होता, दुसरीत जीव रमायचा. दोन्ही मला मिळाल्या हे माझं नशीबच म्हणायचं, कारण माझ्याबरोबरची निम्मी पोरं तेव्हा रोजंदारीवर कापूस वेचत होती.

शिपायाच्या नोकरीला मी कधी नावं ठेवली नाहीत. जवळा बाजारच्या आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा मी पहिला माणूस. आबा, म्हणजे माझे वडील, कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. ओझी वाहून वाहून त्यांचा एक खांदा कायमचा खाली आला होता. माझी ऑर्डर आली त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले आणि प्रत्येकाला एकच सांगितलं, "पर्मनंट हाय." पोरगं तिथं करतं काय, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. करायचं काय, तर कुलूप उघडायचं, टेबलं पुसायची, फायली या खोलीतून त्या खोलीत न्यायच्या आणि घंटी वाजली की पळायचं. डोकं लागायचं ते फक्त मीटिंगच्या खुर्च्या लावताना.

क्लारनेटची गोष्ट निराळी. दहावीला मी हिंगोलीत मामाकडे होतो आणि मामाच्या घरासमोरच बँडचं दुकान होतं. दुकानाचे मालक म्हातारे उस्ताद, खोकल्याने बेजार आणि तोंडाचे फटकळ. अभ्यास सोडून हे पोरगं रोज पायरीवर येऊन बसतं हे पाहून त्यांनी एक दिवस क्लारनेट माझ्या हातात दिलं. मी गाल फुगवून फुंकलं आणि म्हैस हंबरावी तसा आवाज निघाला. "गाल कायकू फुगाता रे? पेट से फूंक, पेट से!" असं म्हणून त्यांनी माझ्या पोटात बोट खुपसलं. शिकवण्याचे त्यांनी कधी काही घेतलं नाही. सकाळी दुकान झाडून काढ म्हणाले, ते मी काढायचो.

वरातीत सूर लागला, मागून नवरदेवाच्या आत्या-मावश्या पदर खोचून पुढे आल्या, की हापिसातली घंटी माझ्या डोक्यातून साफ निघून जायची. पुसेगावच्या एका लग्नात नवरदेवाची आजी, कमरेत वाकलेली, काठी बाजूला टाकून नाचली. नाचून झाल्यावर माझ्याजवळ आली, माझ्या तोंडावरून हात ओवाळले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. साहेबांनी मला कधी शाबास म्हटलं नाही असं नाही. एकदा म्हणाले होते, खुर्च्या सरळ रेषेत लावल्या म्हणून.

अडचण एकच होती आणि ती घरात बसलेली होती.

आमच्या घरात पूर्वी सनई होती. माझे आजोबा गावातल्या मोठ्या घरांच्या लग्नात वाजवायचे. सकाळपासून दाराबाहेर उभं राहून वाजवायचं आणि सगळं गाव जेवून उठलं की उकिरड्याजवळ बसून उरलंसुरलं खायचं. आबा तेव्हा लहान होते, बापाचं बोट धरून जायचे आणि त्यांच्याच शेजारी बसून जेवायचे. पुढे आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा आजोबांनी सनई खाली ठेवली ती कायमची. आता दुसऱ्याच्या दारात वाजवायचं न्हाई, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. आबांना आयुष्यात कशाचा अभिमान असेल तर तो या एका गोष्टीचा होता.

आणि त्याच घरातला मी, लाल कोट घालून, खांद्यावर सोनेरी झालर लावून, लोकांच्या दारोदार वाजवत फिरत होतो! यावरून आमचं भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, एकदाचा मोकळा तरी झालो असतो. मी क्लारनेटची पेटी उचलली की आबा काही न बोलता उठून बाहेर जायचे. म्हणून कोट मी दुकानातच ठेवायला लागलो. रियाज गावाबाहेरच्या माळावर करायचो. घरात एक सूर कधी काढला नाही, कारण आबांना तो आवाजच नको आहे हे मी धरून चाललो होतो.

असं बरंच चाललं. साहेब माझ्या रजेच्या अर्जावर "घरचे लग्न" हे कारण वाचायचे, माझ्याकडे बघायचे आणि हसून सही करायचे. माझ्या घरी खरोखर तेवढी लग्नं होत असती तर अख्खा तालुका माझा सोयरा झाला असता.

मग हिंगोली जिल्हा झाला. नवी हापिसं निघाली, नव्या जागा निघाल्या, आणि दहावी पास शिपायांना क्लार्क करणार अशी बातमी आली. टायपिंगची परीक्षा तेवढी पास पाहिजे होती. मी क्लासला जायला लागलो. आठवड्याभरात तिथल्या मॅडम म्हणाल्या, "बोटं छान चालतात हो तुमची. आधी कुठं शिकलात?" मी म्हटलं, "वरातीत." त्यांना वाटलं मी चेष्टा करून राहिलो.

परीक्षा पास झालो तसं साहेबांनी मला आत बोलावलं आणि पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मी खुर्चीच्या कडेला टेकलो. "तुमचं नाव पाठवतो," ते म्हणाले, "पण एक ध्यानात घ्या. शिपायानं वाजवलं की लोक हसतात. क्लार्कनं वाजवलं की तक्रारीचा अर्ज करतात. शिवाय तुमचं टेबल हिशोबाचं राहील. मार्चपासून मे संपेपर्यंत रजेचं नाव काढायचं नाही." मार्च ते मे म्हणजे माझी सगळी लग्नसराई. माणूस भला होता, म्हणून आधी सांगितलं. नाहीतर ऑर्डर हातात ठेवून मजा बघणारे काय कमी होते? होय की नाही ते सोमवारी सांगा म्हणाले.

घरी आलो तो डोक्यात नुसता गोंधळ. पगार वाढणार, पुढे बढतीची वाट उघडणार, लोक नावापुढे साहेब लावणार. आणि ज्याच्यासाठी मी वर्षाचे बाकीचे नऊ महिने ढकलत होतो ते जाणार. बायको भाकरी थापत होती.

"काहून इतका इचार करून राहिले?" ती म्हणाली. "पगार वाढंल. पोरगी हिंगोलीला शिकंल. पावसात घरभर भांडी मांडायची तकलीफ तरी जाईल."

"आन् क्लारनेट?"

"ते काय खायला मागतं? ऱ्हाईल खुंटीला."

माझं डोकंच फिरलं. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणून मी ओरडलो.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मला समदं कळतंय. वरातीवरून आले की तुमी गुणगुणत जेवता. हापिसातून आले की मुक्यानं जेवता. रोज बघते मी. पण भाकर दोन्ही दिशी लागते का न्हाई?"

मी ताट ओढून जेवायला बसलो. तिला कळतं हे कळल्यावर मात्र माझा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी उस्तादांकडे गेलो. मनात होतं की म्हातारा आता शिव्या घालेल, नमकहराम म्हणेल, आणि मग मला नाही म्हणायला सोपं जाईल. उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं, खोकून घेतलं आणि म्हणाले, "ले ले."

"क्या?"

"नौकरी ले ले बावा. मेरे कू देख. सारी उमर बजाया, और ये खांसी की दवा लाने कू बी सीजन की राह देखता मैं." मग आत गेले आणि मी इतकी वर्षं वाजवत होतो ते दुकानाचं क्लारनेट पेटीसकट माझ्या मांडीवर आणून ठेवलं. "ये तू रख. मुँह की पत्ती बदलते रहना, लकड़ी कू तेल देते रहना. सूखी तो फट जाती." मी त्यांच्या पाया पडलो. त्या म्हाताऱ्यानं मला दोनदा काहीतरी फुकट दिलं, आणि त्याची परतफेड माझ्याकडून कधीच झाली नाही.

आबांना मी विचारलं नाही. त्यांनीच विचारलं.

"क्लार्कला खुर्ची असती ना?"

"असती."

"मंग झालं तर."

सोमवारी मी होय म्हणालो.

पहिली दोन-तीन वर्षं जड गेली, उगाच गोड कशाला सांगू? उन्हाळ्यात खिडकीतून दुरून कुणाच्या वरातीचा आवाज आला की माझी बोटं टेबलावर आपोआप क्लारनेटच्या कळा दाबायला लागायची. शेजारचा क्लार्क म्हणायचा, "काय राव, हिशोब लागून नाही राहिला का?" सगळी चिडचिड घरी बायकोवर निघायची. तिनं ती झेलली, आणि अधूनमधून लाटणं दाखवून परतही केली.

पण त्या खुर्चीनं मला फार दिलं. हे मी मनापासून सांगतो. पोरगी हिंगोलीच्या कॉलेजात शिकली. आबांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पत्रे गेले, स्लॅब पडला, पुढे अंगण आणि अंगणाला लोखंडी दार आलं. ज्या दिवशी आबांनी हमाली सोडली, त्या दिवशी सकाळी ते बाजेवर नुसते बसून चहा पिताना दिसले. मी इतका वेळ बघत उभा राहिलो की माझी गाडी चुकली. कामातही हळूहळू मन लागलं. एका म्हातारीची अडकलेली पेन्शन सुटली तेव्हा ती फडक्यात ओल्या भुईमुगाच्या शेंगा बांधून घेऊन आली होती. त्या मी टेबलावरच बसून खाल्ल्या.

क्लारनेटला मात्र दर रविवारी तेल द्यायचो. फुंकत नव्हतो, नुसतं पुसून ठेवायचो. आबा समोर बसलेले असायचे. आता ते उठून जात नसत. पण बोलतही नसत, आणि मीही विषय काढला नाही. मधल्या काळात उस्ताद गेले, बँडचं दुकान बंद झालं आणि लग्नाकार्यात डीजे आला.

लेकीचं लग्न आम्ही आमच्याच अंगणात केलं. भरदुपारची वेळ. वंदना झाली, नवरा-नवरीनं एकमेकांना हार घातले, टाळ्या झाल्या आणि वऱ्हाडातल्या पोरांनी डीजे सुरू केला. दोन मिनिटं घराच्या खिडक्या थरथरल्या आणि लाईट गेली. लोडशेडिंग! जनरेटर आणला होता, पण तो खोकायचा आणि बंद पडायचा. मांडवात एकदम चिडीचूप झालं. पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघून राहिले. लेक हारात मान घालून उभी, तिचा चेहरा पडलेला. बापाला दुसरं काय दिसणार? मी जनरेटरवाल्याला शिव्या घालायला निघालो.

"तुझा बाजा कुठंय?"

आबा खुर्चीत बसले होते, दोन्ही हात काठीवर. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आबा?"

"बाजा, बाजा. रविवारी तेल पाजतो तो."

"आबा, तुमाला चालत न्हाई म्हणून तर मी घरात..."

"कोण म्हणलं?" म्हातारा कडाडला. "तुझा आजा म्हणला, दुसऱ्याच्या दारात वाजवायचं न्हाई. हे दार कोणाचं हाय?"

"आपलं."

"कशावर उभं ऱ्हायलं?"

"पगारावर."

"मंग? काहून उभा हायेस?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांना तो सूर नको होता, असं मी आयुष्यभर समजत होतो. त्यांना नको होतं ते लोकांचं दार. बायको तोवर आत जाऊन पेटी घेऊन आली होती, मला न विचारता.

पहिली फुंक फुसकी निघाली. पोरं हसली. मला पोटातलं उस्तादांचं ते बोट आठवलं. दुसऱ्या फुंकीला सूर लागला आणि मग मी थांबलोच नाही. लेक हसली. बायका पुढे आल्या, माझी बायको सगळ्यांत पुढे, पदर खोचून. वाजवता वाजवता माझं लक्ष आबांकडे गेलं. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं ठेका धरत होती, बराबर माझ्याबरोबर. हा ठेका ते कधी विसरलेच नव्हते.

लाईट आली तरी डीजे कुणी लावला नाही.

मग पंगत बसली. मुलीचा बाप सगळ्यांत शेवटी जेवतो, म्हणून मी बुंदीचं भांडं उचललं आणि वाढायला निघालो. आबांनी वाटेत काठी आडवी घातली.

"ठेव ते. बस जेवायला."

"आबा, मी पोरीचा बाप हाव. मी मागून जेवतो."

"पोरीचा बाप मागून जेवंल," आबा म्हणाले. "माझ्या दारात वाजवणारा पहिल्या पंगतीला बसतो."

सगळी पंगत बघत होती. मी बसलो. आबांना वाकता येत नव्हतं, तरी खाली आलेला तो खांदा आणखी खाली करून ते वाकले आणि माझ्या पत्रावळीवर त्यांनी स्वतःच्या हातानं बुंदी वाढली. मी सगळं जेवलो. माझं जेवण होईपर्यंत आबा काठी टेकून तिथंच उभे राहिले.