दोन दारांची अमेरिकन गाडी

माझ्या बाबांचा मला राग होता, आणि त्या रागाला चार चाकं होती.

बाबा तुमसरकडच्या एका मँगनीज खाणमालकाकडे ड्रायव्हर होते. मालकाची एक अमेरिकन गाडी होती. दारं दोनच, नाक लांबच लांब, आठ सिलिंडरचं इंजिन आणि स्टिअरिंग डावीकडे. असल्या गाड्यांना आता मसल कार म्हणतात, तेव्हा खाणीच्या वस्तीत तिला नुसतं 'अमेरिका' म्हणत. वकिलातीतल्या कुणा साहेबानं ती जहाजानं आणली होती. त्याची बदली झाली, गाडी दिल्लीत लिलावात निघाली आणि आमच्या मालकानं उचलली.

त्या गाडीत मालकीणबाई बसल्या, पाहुणे बसले, मालकाचा कुत्रासुद्धा बसला. माझी माय कधी बसली नाही. सीटांची पांढरी कव्हरं मात्र बाबांनी सांगितलेल्या मापावरून तीच शिवायची. दर आठवड्याला बाबा ती घरी आणत, माय धुऊन कोळशाच्या इस्त्रीनं कडक करून द्यायची. मालकाला एकदा विचारण्याची बाबांची छाती झाली नाही, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. कुत्र्याला जागा आणि मायला नाही, हे मला पचत नव्हतं.

पुढे मालकानं गाडी विकली, खाण बंद पडली आणि आम्ही भिलाईला आलो. बाबा तिथल्या पोलादाच्या प्लांटची ॲम्ब्युलन्स चालवू लागले. मीही शिकून प्लांटमध्येच टायपिस्ट झाले. ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात बाबा गेले. तेरवी आटोपली, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी माय स्वयंपाकघराच्या दारात बसून म्हणाली, "ते गाडी कुठी असन वं आता?"

"कोनती गाडी?"

"अमेरिका. मले एक डाव तिच्यात बसाचं हाये."

जिवंतपणी ज्यानं बसवलं नाही, त्याच्या माघारी भंगारात बसून काय मिळणार, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मायचं कपाळ मोकळं होतं. मी म्हटलं, "शोधतो."

मला वाटलं, नंबर मिळाला की झालं. माझं कामच ते होतं. प्लांटमधून निघणाऱ्या प्रत्येक प्लेटवर हीट नंबर ठोकलेला असतो. ती कोणत्या दिवशी, कोणत्या भट्टीतल्या पोलादाची, सगळा पत्ता त्यावरून लागतो. मी त्यांची सर्टिफिकेटं टाइप करत असे. नंबर जुळला नाही तर माल यार्डातच पडून राहायचा. गाडीलाही तसे तीन नंबर असतात, पाटीचा, इंजिनाचा आणि चॅसिसचा. ते लिहून घ्यायला मी एका रविवारी तुमसरला मालकाच्या म्हाताऱ्या मुनीमजींकडे गेले.

त्यांनी पेटीतून कागद काढून तिन्ही नंबर दिले. आणि चहा पिताना सहज म्हणाले, "मालक त्याले म्हने, इतवारी गाडी खाली रायते, बायकोले फिरवून आन. घेऊनबी गेला होता तुहा बाप एक डाव. घंट्याभरात वापस. कावून, ते काही सांगतलं नाही त्यानं, पोरी."

म्हणजे परवानगी होती. परतीच्या रेल्वेत मी मनातल्या मनात खटला चालवला आणि निकालही दिला. दोन दारांची गाडी. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून शेळीसारखं आत घुसावं लागतं, नऊवारीत ते कसं जमणार? उरली पुढची जागा, नवऱ्याच्या शेजारची. बायकोला शेजारी बसवून वस्तीतून निघाले असते तर घरातल्या आजीनं आणि आमच्या अख्ख्या चाळीनं बाबांना फाडून खाल्लं असतं. बाबा लोकांना भ्याले आणि अर्ध्या वाटेतून परतले. मालकाची भीती मी एक वेळ माफ केली असती. मायला यातलं काही सांगितलं नाही.

दोन वर्षांचे रविवार त्या गाडीनं खाल्ले. मालकाकडून ती गोंदियाच्या एका जंगल ठेकेदारानं घेतली होती. त्याच्याकडून राजनांदगावच्या राइस मिलवाल्यानं घेतली. तिथं राज्य बदललं तशी पाटी बदलली, म्हणजे पहिला नंबर गेला. पेट्रोल परवडेना म्हणून त्यानं आठ सिलिंडरचं इंजिन काढून टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. दुसराही गेला. मग दुर्गच्या मोहन नगरात एक जण ती वरातींना भाड्यानं देऊ लागला. त्याच्या बायकोनं मला अल्बम दाखवला. बोनेटवर झेंडूच्या माळा आणि आत नटलेल्या नवऱ्या, एकीमागून एक. कुणाकुणाच्या लेकी तिच्यात बसून सासरी गेल्या होत्या. घरी येईपर्यंत माझे डोळे भरून येत राहिले, आणि मला त्याचाही राग येत होता.

शेवटी ती दुर्गजवळच्या उतईला सापडली, एका मेकॅनिकच्या गॅरेजमागे, बेशरमच्या झुडपांत. काचा नव्हत्या, आत कोंबड्या. चॅसिसची पट्टी कुणीतरी उपटून नेली होती. तिसरा नंबरही गेला. ऑफिसात असा माल आला असता तर मी त्याचा कागद मशीनला लावलाच नसता. घरी येऊन मायला सांगितलं, "तेच असन, पन सांगता येत नाही."

"मी सांगतो," माय म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही बसनं उतईला गेलो. मेकॅनिकनं कोंबड्या हाकलल्या, दार ओढून उघडलं आणि म्हणाला, "देख लो अम्मा, आराम से." मायनं पदर खोचला, पुढची सीट वाकवून अर्धी आत शिरली आणि फाटक्या मागच्या बैठकीवर वीत टाकत गेली. सहा वीत चार बोटं. मग मधल्या उंचवट्यावर तळवा ठेवला.

"हेच हाये. या ढेपराच्या पायी कव्हर बसेच ना. तीन डाव उसवलं होतं मीनं."

माय बाहेर आली, सीट सरळ केली आणि पुढे उजवीकडे बसली. पाय जुळवले, हात मांडीवर ठेवले. मी वळसा घालून स्टिअरिंगच्या बाजूला गेले. तिथलं दार उघडलं, आणि तिला तशी बसलेली पाहून माझा तोल गेला.

"मालक हो म्हने, माय. मुनीमजीनं सांगतलं मले. बाबाच लोकाइले भ्याले."

माय समोरच्या फुटक्या आरशाकडे पाहत राहिली.

"ते नाही भ्याले," ती म्हणाली. "दारापर्यंत आनली होती गाडी. हे, हे बाजूचं दार उघडून उभे रायले. अख्खी चाळ बाहेर आली पाहाले. तुही आजी खाटेवर बसून, तू पाळन्यात. मी नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी. मले लाज वाटली वं. मीनं मान हलवली आन् अंदर चालली गेली."

"मंग?"

"लय वेळ थांबले. मंग दार लावल्याचा आवाज आला. कधी बोलले नाही त्याच्यावर. मीबी नाही."

इतकी वर्षं मी ज्या माणसावर धुमसत होते, तो दार उघडून उभा राहिला होता. मला रडू फुटलं. बाबांची माफी मागायला आता जागाच नव्हती. तिच्या शेजारी जाऊन बसावं म्हणून मी एक पाय आत टाकला.

माय माझ्याकडे पाहत नव्हती. पदर डोक्यावरून घेऊन ती शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळली होती.

"चला," ती हळूच म्हणाली.

मी पाय मागे घेतला आणि बाहेरूनच दार लावलं.