बशीखालची कॉफी

जर्मनीत उत्तम कॉफी मिळते, असं मला कुणी सांगू नये. मी तिथं शिकायला होते. बेकरीतली, स्टेशनातली, विद्यापीठाच्या यंत्रातली, सगळी पिऊन पाहिली. कागदातून गाळलेलं तपकिरी पाणी. एवढा श्रीमंत देश, आणि कॉफी टाकताना हात आखडता. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, अजून कडक कर. तिनं मोठ्या कपात तेच पाणी दिलं.

मला राग आला की मी लिहिते. पांढुर्ण्यात मी पत्रकं लिहायचे. दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात त्या गोटमारीच्या जत्रेआधी जाम नदीच्या पुलावर उभी राहून वाटायचे, इकडून येणाऱ्यांना आणि सावरगावकडून येणाऱ्यांनाही. दोन्हीकडचे ती फाडायचे. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत असायचं. उतारे, भानामती, अंगात येणं यांच्याविरुद्धची पत्रकं वेगळी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं लिहिणारीही मीच आहे.

कडक कॉफी म्हणजे काय, ते मला सौंसरच्या आमच्या घरात कळलं. सगळी गल्ली चहा पिते. आईला चहानं पित्त होतं म्हणून आमच्याकडे कॉफी. पूड नागपूरहून यायची. आई ती पातेल्यात उकळायची, फडक्यातून गाळायची, नावाला दूध घालायची आणि वर जायफळ उगाळायची. घरचं माणूस बाहेर असलं तर त्याचा कप भरून त्यावर बशी झाकायची. वडील होते तोवर त्यांचा कप असायचा, नंतर माझा. मी मोर्च्यातून येवो, नाहीतर ठाण्यात बसवून ठेवल्यावर सुटून येवो, बशीखाली कॉफी असायची.

हिवाळा संपता संपता ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ एक दुकान सापडलं. बोस्नियातून आलेली एक म्हातारी लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात कॉफी उकळायची. तिचं जर्मन मोडकं, माझंही. कॉफी डांबरासारखी काळी होती. मी घोट घेतला. चव नाही. दुसरा घेतला, तेव्हा जिभेवर नुसतं जायफळ.

"यात जायफळ घातलंय?"

"मी कशाला घालू?"

"मग पातळ का लागते?"

तिला राग आला असावा. माझ्याकडे नीट बघितल्यावर तो गेला. ती म्हणाली, "माझ्या कॉफीला कुणी पातळ म्हणत नाही. तू आज घरून पिऊन आलीयेस."

मी सकाळपासून काही प्यायले नव्हते. खोली ते दुकान, एवढंच.

तिच्याकडे कप रिकामा झाला की त्यावर बशी ठेवून तो उलटा करतात आणि तळाच्या गाळात भविष्य वाचतात. मी म्हटलं, माझा यावर विश्वास नाही. तिनं तरी बशी ठेवली, कप उलटा केला आणि उचलला. गाळ नव्हता. कपात नाही, बशीतही नाही. दोन्ही विसळून पुसल्यासारखी कोरडी. मी स्वतः त्यातून प्यायले होते, तळाशी बोटभर गाळ पाहिला होता.

"पुन्हा येऊ नकोस," ती म्हणाली. रागानं नाही. दाराशी सोडायला आली आणि मी गेल्यावर तिनं आतून कडी लावली.

मी स्वतःला समजावलं की म्हातारीची काहीतरी हातचलाखी आहे. असल्या हातचलाख्यांवर माझं एक आख्खं पत्रक आहे.

त्याच आठवड्यात पांढुर्ण्याहून मोठ्या मामांचा फोन आला. आईचे थोरले भाऊ, सरकारी नोकरीतून निवृत्त.

"तुझी आई बिघडून राहिली, पोरी. रोज सकाळी तुझा कप भरते. म्हणते, तू येऊन पिऊन जाते."

"मामा, एकटी राहते ती. भरला एक कप, तर काय झालं?"

"भरते त्याचं काही नाही. तो रिकामा होऊन राहिला न."

"मांजर असेल."

"बशी झाकलेली असते. मी सोमवारी समोर बसलो होतो. हात धुवून आलो तर कप कोरडा. बशी जागच्या जागी." मामांचा आवाज खाली गेला. "मोहगावकडं एक बाबा आहे. शनिवारी घेऊन जातो तिला. धूर देते, केसाला धरून विचारते, कोण आहे म्हणून. दोन-तीन वेळात उतरते म्हणतात."

माझ्या आईला. तिनं सौंसरच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, त्या आईला धुरात बसवून कुणी केस धरणार. पितृपक्षात हेच मामा छतावर पान ठेवून कावळ्याची वाट बघतात, तेव्हा त्यांना कुणी बाबाकडे नेत नाही. बाईनं जित्या पोरीसाठी कप भरला की ती बिघडली. मी हे सगळं त्यांना सुनावलं. ते म्हणाले, "हे तुझ्या पत्रकात लिही," आणि फोन ठेवला.

मी लगेच आईला व्हिडिओवर फोन लावला, पण माझा कॅमेरा बंद ठेवला. चेहरा रडवेला झाला होता.

"आई, कप भरणं बंद कर. मामांना सांग, मी गंमत करत होती म्हणून."

"तू रोज इथं बसून राहिली अन् मी खोटं सांगू?"

"मी इथं आहे आई. परदेशात."

"असशील न. मी कुठं नाही म्हणते?" ती कढीपत्ता निवडत होती, वर बघितलंही नाही. "केस कापले ते बरे नाही दिसत तुला. कानामागं तर अगदी बोडकं केलं."

केस मी आदल्या दिवशी कापले होते. स्वतःच, बाथरूमच्या आरशात. कानामागे कात्री चुकली होती. खोलीबाहेर अजून पडले नव्हते.

तिकीट काढलं आणि निघाले. शनिवारी सकाळी नागपूरहून बसनं सौंसरला उतरले. येते म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं. दारात मामांची गाडी उभी, ड्रायव्हर आत बसलेला. आई नवं पातळ नेसून स्वयंपाकघरात होती. ओट्यावर माझा कप, त्यावर बशी.

"आली का," ती म्हणाली. "आज उशीर केला."

ना मिठी मारली, ना डोळ्यात पाणी. रोज येणाऱ्या माणसाशी बोलावं तसं बोलली. मी कप घेऊन पाटावर बसले, बशी काढली. कप भरलेला होता, वाफ निघत होती. प्यायले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कॉफी कॉफीसारखी लागली, घसा भाजत, कडू, कडक.

मामा दारात येऊन थांबले. मला बघून आधी घाबरले. मग माझी बॅग दिसली तेव्हा श्वास सोडला.

"सांग तुझ्या आईला," ते म्हणाले. "आजच आली न तू? आजच पहिल्यांदा?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. तिचा हात ओट्याच्या कडेवर होता, बोटं पांढरी पडलेली.

"नाही मामा," मी म्हटलं. "मी रोजच येऊन राहिली."

मामांनी माझ्या कानामागं बघितलं, केसांचं आईनं त्यांनाही सांगितलं असणार, आणि चपला घातल्या. आधी गाडीचं दार वाजलं, मग गाडी गेली. मोहगावचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. माझ्याशीही ते आता जपून बोलतात.

गाडीचा आवाज गेला तशी आईची बोटं सैल झाली. तिनं पातेलं परत शेगडीवर ठेवलं, दुसरा कप काढला, भरला, जायफळ उगाळलं आणि वर बशी झाकली.

"हा कोणाचा?"

"तिचा न. तू आली म्हणून तिनं उपाशी राहायचं का?"

ती देवाजवळ दिवा लावायला गेली. कप माझ्यासमोर होता. बशी उचलायची, एवढंच काम. लोकांनी बशी उचलून बघावं म्हणून मी इतकी वर्षं पत्रकं वाटली. पण कप भरलेला निघाला असता तर आई बिघडली हे मामांचं म्हणणं खरं ठरलं असतं. आणि रिकामा निघाला असता तर मी आत्ता जे बोलले ते खरं ठरलं असतं.

मी तो कप बशीसकट उचलला. वजनाचा अंदाज येऊ नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरला, मोरीत ठेवला आणि नळ पूर्ण सोडला.