देवाजीच्या हातची बोहनी

२०२४ साल होतं, मी एकाहत्तर वर्षांचा. सकाळी दुकानासमोर झाडत होतो, तर देवाजीची सून आली. म्हणाली, "काकाजी, बाबूजी पहाटे गेले." मी विचारलं, "कुठं?" पाच महिने मी आणि देवाजी बोललो नव्हतो. मले वाटलं, गावाले गेला असेल...

मी चौथी शिकलेला. नातीनं कागद दिला म्हणून लिहून राहिलो. चुका असतील, पण कोणी दुरुस्त करू नये.

शहराबाहेर अभनपुर रोडले आमची कॉलनी बसली तेव्हा बाजूनं धानाची शेतं होती आणि किराण्याचं दुकान एकच, माझं. कापडचोपड घ्यायचं तर लोक सदर बाजारात जात, तेलमीठ माझ्याकडून नेत. देवाजी रेल्वेतून रिटायर होऊन इथं राहायले आला. एका सकाळी पहिलं गिऱ्हाईक तोच, आणि त्या दिवशी मले जेवायलेही उसंत मिळाली नाही. तेव्हापासून बोहनी, दिवसाची पहिली विक्री, त्याच्याच हातची. दुसरं कोणी आधी आलं तर मी त्याले उभं ठेवायचो, "थांब भैया, देवाजी येऊन राहिला." लोक चिडायचे. देवाजी मात्र सावकाश यायचा. "मी काय तुझ्या दुकानाचा पुजारी आहे?" म्हणायचा आणि एक माचिस घ्यायचा. बिडी त्यानं केव्हाचीच सोडली होती.

मंग रस्ता रुंद झाला, सिटी बस आली, आणि स्टॉपच्या समोरच ते काचेचं मोठं दुकान उघडलं. गिऱ्हाईक तिकडं गेलं, जाणारच. त्याचं मी मनावर घेतलं नाही. पण एक दिवस माझा पोट्टा म्हणाला, "बाबूजी, देवाजी चाचा तो रोज वहाँ सबसे पहले घुसते हैं. शटर खुलने के पहले से खड़े रहते हैं." माझ्या अंगाची आग झाली. सात वाजता माझी बोहनी, नऊ वाजता त्यांची?

दुसऱ्या दिवशी तो आला. मी वर न पाहता म्हटलं, "बोहनी झाली, देवाजी." झाली नव्हती.

"कोणी केली?"

"तुले काय करायचं?"

त्यानं माचिसचे पैसे खिशात परत टाकले. "मंग माझं काही काम नाही," म्हणाला आणि गेला. मले वाटलं, उद्या येईल. त्याले वाटलं असेल, मी बोलवीन...

तेरवीच्या दिवशी मी त्याच्या सुनेले विचारलंच, तो त्या काचेच्या दुकानात काहून जायचा. ती खाली पाहत म्हणाली, "काकाजी, त्यांना लघवीचा त्रास होता. तेव्हा महिनाभर इलाजासाठी रोज बसनं शहरात जायचे. पाऊण तासाचा रस्ता, रोकते नहीं बनता था. वहाँ बाथरूम है ना."

"मले काहून नाही सांगितलं?"

"म्हणायचे, त्याले सांगू नको, तो हसेल."

मी हसलो असतो. खोटं कशाले बोलू.

मंग तिनं आलमारी उघडली. त्याच दुकानातले साबण, वीसेक तरी असतील, एकही फोडलेला नाही. मी पुन्हा गोंधळलो. लघवीलेच जायचं होतं तर साबण कशाले? म्हणजे बोहनी त्यानं तिथं केली का नाही केली? सून म्हणाली, "मुझे नहीं मालूम, काकाजी." मलेही समजलं नाही. घरी आलो, जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं दुकान उघडलंच नाही. चहा पिऊन नवाच्या आधी त्या काचेसमोर जाऊन उभा राहिलो. शटर वर गेलं. आतल्या पोरीनं विचारलं, "दादाजी, क्या चाहिए?" मी म्हटलं, "बाथरूम." तिनं मागं बोट दाखवलं. जागा साफ होती. काम आटपून दाराकडं निघालो, पण पाय उचलेना. जन्मभर गल्ल्यावर बसलेला माणूस मी, दुसऱ्याच्या दुकानातून रिकाम्या हातानं कसा निघू? समोर साबण होते, माझ्या दुकानात पडून आहेत तेच. एक उचलून काउंटरवर ठेवला. माझ्या आधी तिथं कोणी नव्हतं.