शकूआत्याचे रॉक स्लायडर

शकूआत्या गेली हे कळलं तेव्हा मी गोंदियात, माझ्या तांदळाच्या दुकानात, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. गावाहून, केशोरीहून, चुलतभावाचा फोन आला. "आत्या गेली गा… चहा पिता पिता गेली." मी त्याच्यावरच ओरडलो, की काहीबाही बोलू नकोस, सकाळीच तिने मला फोनवर झापलंय! खरंच झापलं होतं. जीपच्या चाकांतली हवा पाहायला अजून का आला नाहीस म्हणून. त्याला आता काही आठवडे झाले, तरी फोन वाजला की क्षणभर वाटतं, चला, बोलणी बसणार.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सासर-माहेर दोन्ही केशोरीतच. नवरा लवकर गेला, धानाची शेती तिने एकटीने सांभाळली, पोरी उजवल्या. मग साठी आल्यावर माणसं काशीला जातात, हिने जुनी जीप घेतली! बाबा म्हणाले, "म्हातारपणी हे काय भूत?" भूत-बित काही नव्हतं. आत्याला तळ्यावर जायचं होतं. आमच्या पूर्वजांनी केशोरीपलीकडच्या जंगलात एक तळं बांधलंय. दरवर्षी सगळं घर बैलगाड्या जुंपून तिथे जायचं आणि तळ्याच्या पाळीची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाची, पूजा करायचं. एका पावसाळ्यात नाल्याने वाटच फोडली, हे भलेमोठे धोंडे उघडे पडले आणि जाणं बंद झालं. बाबांचे गुडघे तोवर गेलेले. कोणी विषय काढला की तिरसटून म्हणायचे, "पाळ फुटली असन आता. फुटकी पाळ पाहाले कायले जाऊ?" ते त्या तळ्यात पोहायला शिकले होते, म्हणून इतके चिडायचे. आत्याला हे माझ्याआधी कळलं. तिने माझ्यासमोर सांगून टाकलं, "दादाले तिथं नेऊन पाळ दाखवीन तं मी खरी."

आणि पहिलीच चूक आम्ही दोघांनी मिळून केली. आमच्याकडे जीप सजवायची म्हणजे दोन्ही बाजूंना चकचकीत पायदान लावायचं, वरातीत शोभेल असं. आम्हीही हौसेने लावलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि निघालो. नाल्यातल्या पहिल्याच धोंड्यावर गाडी बसली. पायदान जे वर दुमडलं ते खालचा पत्रा घेऊनच, आणि आत्याच्या बाजूचं दार गच्च! उघडेना काही केल्या. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि ही बाई पदर खोचून खिडकीतून बाहेर! वाकून पायदान पाहिलं आणि हसत सुटली. "हे पायदान नाई गा, पापड हाय पापड!"

त्या दिवसापासून तिला रॉक स्लायडरचा ध्यास लागला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये, दाराच्या खाली बसवायचा जाड लोखंडी दांडा. गाडी धोंड्यावर टेकली तर सगळा भार यानं घ्यायचा आणि गाडी त्याच्यावरून घसरत पुढे न्यायची. दिसायला पायदानासारखाच, तिथेच माणूस फसतो. आत्या नातीकडून मोबाइलवर व्हिडिओ लावून घ्यायची आणि मला फोन करून शिकवायची. राइस मिलची कामं करणाऱ्या गोंदियातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे मी तिला घेऊन गेलो. तो बोलण्यात वस्ताद. "मॅडम, ये लीजिए, एकदम फॉरेन डिझाइन. सब यही ले जाते हैं." आत्याने पाना उचलून त्या पाइपवर हाणला. खणखणीत वाजला. "भैया, ये तो मंदिर की घंटी है," ती म्हणाली, "मेरे को पत्थर पे चलानी है." मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या!

शेवटी तिने जाड भिंतीचा, बिनसांध्याचा पाइप निवडला, वाजवला की ठक्क करून गप्प बसणारा. आधीचं पायदान पत्र्याला धरून होतं, म्हणून पत्र्यासकट वाकलं. हा थेट चासीला, गाडीच्या सांगाड्यालाच धरला पाहिजे, यावर ती हटून बसली. तेही रुंद पट्ट्या लावून, बोल्टने, म्हणजे चिखल काढायला सोडवता येईल. दांडा जरासा बाहेर आणि वर झुकलेला हवा, गाडीचं अंग धोंड्यापासून लांब राहील असा. चकचकीत कोटिंग नको, साधा काळा रंग द्या, घासला की मी घरीच ब्रश मारीन. आणि पाइपच्या पोटाला भोकं पाडा. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, छेद किसलिए? आत्या माझ्याकडे वळली. "याले सांग, पाणी आलं तं जाले वाट पाहिजे. तळं बांधणाऱ्याची पोरगी हावो मी." मी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि भोकं पाडली.

पण तेवढ्याने भागतंय होय! आमच्याकडे नवी पाळ घातली की तिच्यावरून माणसं-गुरं चालवायची जुनी रीत. जिथे दबेल तिथे आणखी माती. आत्याने तीच रीत स्लायडरला लावली. रोवणीचे, भातलावणीचे दिवस होते. संध्याकाळी धानाच्या बांधीतून बाया परतल्या तशी हिने त्यांना अंगणात बोलावलं, जीप एका बाजूने स्लायडरखाली जॅक लावून उचलली, खाली लाकडी ओंडके रचले आणि म्हणाली, "चढा वं साऱ्या!" चिखलाच्या पायांनी त्या एकमेकींना धरून दांड्यावर चढल्या, खिदळल्या, एकीने तर ठेकाच धरला… आत्या जमिनीवर आडवी पडून खालून पट्ट्या पाहात होती. "हाललं नाई! केसभर हाललं नाई!" असा ओरडा तिने केला की शेजारची माणसं धावत आली.

दुसऱ्या खेपेला आम्ही पोचलो. काय सांगू त्या दिवसाचं! स्लायडर धोंड्यांवर करकरत होते, दात शिवशिवत होते, आणि आत्या स्टिअरिंगला बिलगून "चाल माय, चाल," म्हणत गाडी रेटत होती. तळं दिसलं तशी तिने हॉर्न जो दाबला तो सोडेचना. पाळ शाबूत होती, पाणी काठोकाठ. परत आल्यावर तडक बाबांकडे गेली. "दादा, पाळ जशीच्या तशी हाय. उद्या येतोस?" बाबा म्हणाले, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. मी तळ्याचे फोटो दाखवायला मोबाइल खिशातून काढला तर तिने माझा हात दाबला. "फोटोत नाई पाहाचं त्यानं. यावं." दर काही दिवसांनी ती विचारायची आणि बाबांचं ठरलेलं उत्तर, "पुढच्या वर्षी पाहू." पाळ फुटलेली दिसेल याची त्यांना भीती वाटत होती, हे मला दिसत होतं. ती म्हणायची, "येईन गा तो, घाई कायले?"

घाई करायला हवी होती…

तिची तेरवी झाली आणि दुसऱ्या सकाळी बाबा काठी टेकत अंगणात जीपपाशी येऊन उभे राहिले. "चाल," एवढंच म्हणाले. स्लायडरवर पाय ठेवून, माझा खांदा धरून वर चढले. नाल्यात तो मोठा धोंडा आला तसा माझा पाय ब्रेकवर गेला. आत्याइतका मी धीट नाही. विचारलं, "बाबा, फिरायचं का मागे?"

"काऊन? शकूनं पाहून-पारखून लावलंय ना ते. घाल गाडी."

घातली. गाडी धोंड्यावर टेकली, करकरली, तिरपी झाली आणि घसरत पार झाली. तळ्यावर ऊन पडलं होतं. पाळीवर चढायला गुडघे तयार नव्हते, म्हणून बाबा उतरून स्लायडरवरच बसले, घासून रंग गेलेल्या लोखंडावर दोन्ही तळवे टेकून. बराच वेळ त्या टोकापासून या टोकापर्यंत पाळ पाहात राहिले.

"खरं सांगत होती गा ते," म्हणाले. आत्या गेली त्या दिवशी डोळ्यांतून टिपूस न काढलेले माझे बाबा, तिथे बसून पोरासारखे रडले.