नऊ पावलं

पहाटे चार वाजता माझा दिवस सुरू होतो. काम सुटून आठ वर्षं झाली, पण अंगाला ते कुणी कळवलेलं नाही. चारला उठायचं, दोन तांबे पाणी प्यायचं आणि करायला काही नाही म्हणून बायकोला, राजूबाईला, उठवायचं. ती म्हणते, "कोंबडा परवडला. त्याला कापून खाता तरी येतंय."

त्या दिवशी मात्र काम होतं. शेजारच्या निर्णा गावच्या नेत्रावती अक्कांचा निरोप आला होता. भावाची समाधी खोदायची.

भाऊ म्हणजे प्रभुलिंग. नौदलात अधिकारी, शौर्यपदक मिळालेला. एकाहत्तरच्या लढाईत जहाज बुडालं, त्याबरोबर तोही गेला. मागे काहीच आलं नाही. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. आईबापाच्या समाध्यांशेजारी त्याची जागा इतकी वर्षं मोकळी होती. नांगर तिला वळसा घालून जायचा. अक्का आता बहात्तरच्या. "माझ्या डोळ्यादेखत अण्णाला कोरडी जागा मिळू दे," एवढंच त्यांचं म्हणणं. आत ठेवायला होती त्याची लहानपणची, गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी.

मी दुबलगुंडीचा हरिबा. जन्मभर विहिरी, समाध्या खोदल्या, मधल्या वेळात जनावरांचे हौद बांधले. विहिरीत पाणी लागावं म्हणून नवस, समाधीत लागू नये म्हणून नवस. देवाला माझं नक्की काय म्हणणं आहे ते कधी कळलं नसेल.

अक्कांचा मुलगा चन्नवीर बांधावरच भेटला. "काका, जेसीबी बोलावतो. अर्ध्या तासाचं काम हाय."

"जेसीबीला माप कळतंय का?" मी म्हणालो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी असं बोलायला गुडघे लागत नाहीत.

माप असं. लांबी नऊ पावलं, रुंदी पाच. पाऊल गेलेल्या माणसाचं. दोरी त्याच्याच पायाला लावून घ्यायची. इथे पायच नव्हता. मी चन्नवीरला म्हणालो, बूट आण. त्याने ट्रंकेतून मामाचा, शेवटच्या सुटीत घरी राहिलेला पांढरा बूट आणला. अकरा इंच भरला. मी दोरी घेतली, खुंट्या ठोकल्या आणि कुदळ उचलली.

वर हातभर काळी माती, खाली मुरूम. पूर्वी हे काम मी दुपारपर्यंत संपवायचो. आता दुपारपर्यंत कमरेएवढा गेलो. चन्नवीरने दोनदा फावडं मागितलं, दोनदा मी दिलं नाही. तिसऱ्यांदा त्याने मागितलंच नाही, तेव्हा वाईट वाटलं. चार वाजता तळ लागला. बाजू ओळंब्यात, कोपरे काटकोनात. खड्डा असा की मलाच बसून राहावंसं वाटलं. बसावंच लागलं, कारण वर येता येईना. शेवटी शिडी सोडली.

चहा घ्यायला हौदाच्या कट्ट्यावर बसलो. हौद माझ्याच हातचा. अक्का कप घेऊन आल्या आणि थांबल्या.

"हरिबा, पाय काढ तिथून. अण्णाच्या पावलावर ठेवलास."

मी खाली बघितलं. सिमेंटात उजवं पाऊल, पाची बोटांसकट. मी साफ विसरलो होतो.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तो सुटीवर आला होता. मी वीस वर्षांचा, पहिलाच हौद, गिलावा ओला. तो अनवाणी येऊन थेट त्यावर उभा राहिला. मी ओरडलो, "साहेब असशील जहाजावर!" तो हसला. म्हणाला, "चुकलं, पुसून टाक." मी म्हणालो, "न्हाई पुसत. काम कुणी नासवलं ते लोकास्नी कळू दे." त्याच डिसेंबरात तो गेला.

दोरी लावली. दहा इंच.

"अक्का, सकाळीच सांगायचं न्हाई का?"

"तुझाच हौद, मला वाटलं तुला ठाव हाय. तू बुटानं मापायलास. म्हटलं, आता बुटाचीच रीत आली असंल."

पावलाला एक इंच जास्त, म्हणजे खड्डा लांबीला नऊ इंच आणि रुंदीला पाच इंच मोठा. खणलेला खड्डा लहान होत नसतो.

चन्नवीर म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय, काका?"

"त्याचं काहीच माघारी आलं न्हाई," मी म्हणालो. "माप तरी खरं येऊ दे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरलो. एका बाजूला नऊ इंची विटांची भिंत घातली, दुसऱ्या बाजूला साडेचार इंची, तिच्यावर अर्ध्या इंचाचा गिलावा. माझी चूकसुद्धा विटेच्या मापात निघाली. तळ हाताने चाचपला. कोरडा होता. अक्कांनी वरून डबी माझ्या ओंजळीत दिली आणि बराच वेळ हात सोडला नाही. मी ती भिंतीत सोडलेल्या कोनाड्यात ठेवली. मग विभूती, बेलाची पानं, माती.

अक्कांनी मजुरी दिली. मी नको म्हणालो, पण नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं नाही.

पुढच्या आठवड्यात चन्नवीर हौद पाडणार होता, नवी टाकी बसवायला. मी छन्नीने पावलाभोवतीचा कट्टा चौकोनी तोडला. सहा दिवस लागले. तुकडा काही मला उचलेना, तेव्हा जेसीबी आला. चालकाने तो समाधीवर अलगद ठेवला, खाली उतरून बघितलं आणि हसला.

"कुठल्या गवंड्याचं काम हे? ओल्यात पाय उमटलाय, पुसायची अक्कल न्हाई!"

"माझंच," मी म्हणालो, आणि समाधीच्या मजुरीतून त्याच्या जेसीबीचं भाडं दिलं.