आम्ही सापालाच भीत राहिलो

"ताई, देवा सर पडले," असा फोन आला तेव्हा मी सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होते. फुटबॉल खेळणारा माणूस पडतोच. माझा धाकटा भाऊ जन्मभर मैदानात पडत आणि उठत आलेला. गुडघे झाले, घोटे झाले, एकदा तर खांदाही निखळला. म्हणून मी उलट वैतागूनच विचारलं, "पाय मोडला का आता?" पलीकडून कोणाचं तरी रडणं ऐकू आलं... देवानंद, आमचा देवा, साकोलीच्या मैदानावर जुन्या सोबत्यांबरोबर सामना खेळत होता. चेंडूमागे धावता धावता तो कोसळला आणि पुन्हा उठलाच नाही. नुकतीच कुठे चाळिशी उलटली होती त्याची.

तेव्हापासून लोक भेटायला येतात आणि त्याच्या पदकांबद्दल बोलतात. मी मान डोलावते, चहा ठेवते. पण खरं सांगू का, मला धड रडायलाही सवड मिळाली नाही. मी भ्यालेली आहे. माझी मुलगी श्रावणी अकरावीत आहे आणि मामाच्याच हाताखाली शंभर मीटर धावायला शिकली आहे. मामा धावता धावता गेला. आता हिला मैदानात पाठवायचं की नाही, हा एकच प्रश्न तेव्हापासून माझ्यापुढे होता.

भीती आमच्या घरात तशी जुनीच. आम्ही साकोलीजवळच्या सानगडीचे. आम्ही शाळेत होतो. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बाबा बांधीत, भाताच्या खाचरात, पऱ्ह्यांची रोपं खोदून काढत असताना चिखलात आडवे झाले. लोक धावत आले. तरणाताठा माणूस, सकाळी भात जेवून गेलेला, असा एकाएकी कसा जाईल? साप चावला असणार. पायावर खूण शोधली, सापडली नाही. तेव्हा एका म्हाताऱ्यानं सांगितलं की मण्यार असेल, तिची खूण दिसत नसते. झालं! त्या दिवसापासून मण्यार आमच्या घरात राहायला आली. माय काठी आपटल्याशिवाय अंगणात उतरायची नाही. मी तर अंथरूण झटकून झटकून फाडायचे. आणि देवा? देवा धावायला लागला. शाळेची वाट बांधावरून जायची, दोन्ही बाजूंना गवत. तो त्या बांधावरून असा सुटायचा की बाप रे बाप! मी मागून ओरडायचे, तर पुढूनच उत्तर यायचं, "काहून भेते वं ताई? माया पाय जमिनीले लागलाच नाई, त साप चावंल कोठं?"

पुढे लोकांनी त्याच्या वेगाचं कौतुक केलं, पण तो वेग कुठून आला हे मलाच ठाऊक. साकोलीच्या कॉलेजात गेला तेव्हा एका सरांनी त्याला शंभर मीटरला उभं केलं, तर फुटबॉलचे सर म्हणाले, हा माझा राइट विंग. दोघांत जुंपली ती शेवटपर्यंत. देवा कोणालाच नाही म्हणाला नाही. विद्यापीठाच्या स्पर्धेत सकाळी शर्यतीची फायनल धावला, झाडाखाली बसून बूट बदलले आणि दुपारी फुटबॉलला उभा. राज्याकडून दोन्ही खेळांत गेला. नागपूरच्या क्लबात खेळायचा तेव्हा त्याची एक युक्ती फार गाजली. समोरच्या बचावपटूच्या डावीकडून चेंडू लांब पुढे ढकलून द्यायचा आणि स्वतः उजवीकडून सुटायचा. मग काय, खेळ फुटबॉलचा राहायचाच नाही, शर्यतीचा व्हायचा. तो बिचारा बचावपटू अर्ध्या वाटेत कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. मी एकदाच पाहिलं ते, तेही बोटांच्या फटीतून.

एक मंडई मात्र काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते. रात्री नाटक, दिवसा दुकानं, आणि आमच्या गावात तेव्हा सकाळी शर्यती, दुपारी फुटबॉल. देवा सुटीवर आला होता. शर्यत जिंकला, दोरीच्या पुढे थोडा गेला आणि तोंडावर पडला. कोणी म्हणे कांदा आणा, कोणी म्हणे चप्पल हुंगवा. माय गर्दी फाडत आली, खाली बसली आणि त्याचे बूट ओढू लागली. मोजे काढले. तळवे पाहिले, घोटे पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. ती मण्यारीचे दात शोधत होती... तेवढ्यात देवानं डोळे उघडले. "माय, मले काई नाई चावलं वं. उपाशी होतो, घेरी आली." सगळे हसले. मायही पदरानं तोंड पुसत हसली. चावलं नाही म्हणजे लेकरू वाचलं, एवढंच आम्हाला कळत होतं. दुपारी तो पुन्हा मैदानात उतरला आणि गोलसुद्धा मारला त्या गाढवानं!

नागपूर सोडून तो साकोलीला क्रीडाशिक्षक होऊन परत आला तेव्हा मला वाटलं, सुटलो. आता हा शिट्टी वाजवेल, दुसरे धावतील. कसलं काय! पोरांना शिकवताना स्वतःच पुढे पळायचा. श्रावणीला त्यानं तिसरीत असतानाच मैदानात नेलं. मी कुरकुर केली की म्हणायचा, "तुयं भेव तुयाजवळ ठेव, तिले नको देऊ."

शवविच्छेदनात कळलं की त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला होता. नागपूरच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "हा दोष रक्तातून येतो. घरात याआधी कोणी असं एकाएकी गेलं आहे?" मी ठामपणे सांगितलं, नाही. "वडील?" त्यांना मण्यार चावली होती. "कोणी पाहिली होती?" कोणीच पाहिली नव्हती. इतकी वर्षं आम्ही अंगण झाडलं, गवत कापलं, काठ्या आपटल्या आणि साप काही नव्हताच. जे होतं ते बाबांकडून देवाकडे आलं होतं आणि मंडईत आमच्यासमोर आडवं पडलं होतं. माय ते न कळताच गेली, हे एका अर्थी बरंच झालं.

मग तपासण्या. आधी श्रावणीला आत नेलं, मग मला. तिचं ठीक निघालं. आज ठीक आहे, दर वर्षी पाहत राहायचं, धावायला हरकत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. माझं मात्र ठीक निघालं नाही. मला गोळ्या सुरू झाल्या, धावपळ बंद. लहानपणापासून बारीकसारीक गोष्टीनं माझ्या छातीत धडधड व्हायची आणि सगळे मला भित्री म्हणायचे. त्यातली भीतीची किती आणि या आजाराची किती, आता कोण निवडून देणार?

घरी येऊन मी श्रावणीला सांगून टाकलं, मैदान बंद. "डॉक्टरनं हो म्हटलं, तू काहून नाई म्हणते?" "मले भेव लागते." "तुले त मांजराचंबी भेव लागते!" भांडली, रडली. मग रोज सकाळी बूट घालून, नाड्या बांधून दारापुढच्या ओट्यावर बसायची आणि शाळेची वेळ झाली की काढून ठेवायची. मी स्वयंपाकघरातून पाहत राहायचे. डॉक्टर सांगतात तेवढं दर वर्षी करूच, पण माझ्या जिवाला थारा म्हणून हिला ओट्यावर बसवून म्हातारी करू? गेल्या आठवड्यात एका सकाळी गॅस बंद केला आणि म्हटलं, "चाल. मी बी येते."

ती माझ्यासाठी सावकाश चालली. मैदानात गेल्यावर मात्र मागे वळूनही न पाहता पलीकडच्या टोकाला जाऊन वाकून उभी राहिली. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. सुटली... माझ्या तोंडून नाव निघालं ते आमच्या देवाचं की वरच्या, ते मलाही सांगता येणार नाही. ती माझ्यापुढून गेली, थांबली, उलट आली. मी शाबास वगैरे काही म्हटलं नाही. सरळ तिच्या छातीवर तळहात ठेवला. आत दणदण चाललं होतं. हळूहळू ते सावकाश झालं, मग एकसारखं. तरी मी हात काढेना. तिला हसू आलं. "झालं का तुयं समाधान? आता मले तुयं ऐकू दे." आणि तिनं वाकून माझ्या छातीला कान लावला. लावला तसं तिचं हसू थांबलं.

"आई, तू त जागची हललीबी नाई. तुयं त मायाहून जोरात पळून राहिलं."

"मामावर गेलं हाये ते," मी म्हटलं.